कौन लोगां हैं?

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. माझी गाडी गॅरेजला होती, म्हणून मोठी मला स्कूटीवरून शाळेत सोडायला निघाली होती. सात रस्त्याला सिग्नल लागला. मी मागे बसलेलो, डबा मांडीवर. मान न वळवता ती म्हणाली, “अब्बा, एक लडका है. मेरेकू पसंद है. अम्मीकू मालूम है.”

मी भाषेचा शिक्षक आहे. वीस-बावीस वर्षं मुलांना वाक्यं फोडून शिकवतोय. तीन छोटी वाक्यं, एकही जोडाक्षर अडखळलेलं नाही. म्हणजे पोरीनं घरी सराव केला होता. आणि तिसरं वाक्य सगळ्यात जड होतं. तिच्या आईला आधीच माहीत होतं.

सिग्नल सुटला. मागच्यांनी हॉर्न वाजवले. त्या गोंगाटात माझ्या तोंडून जो पहिला प्रश्न निघाला, तो लिहायला आज लाज वाटते. तरी लिहितो. मुलाचं नाव काय, करतो काय, तुला कधीपासून ओळखतो, यातलं काहीही मी विचारलं नाही. मी विचारलं, “कौन लोगां हैं?”

“मुसलमान है अब्बा.”

“वो नै पूछ्या मैं. लोगां कौन?”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “खटीक.”

शाळेच्या गेटापाशी मी उतरलो. “शामकू बात करेंगे,” एवढंच बोललो. रोज मी उतरल्यावर तिच्या डोक्यावर हात ठेवतो. त्या दिवशी हातात डबा होता असं मी स्वतःला सांगितलं. दुसरा हात रिकामाच होता.

‘कौन लोगां हैं’ हा प्रश्न ज्यांच्या घरात विचारला जात नाही, त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. पण तसं घर मला अजून भेटायचंय. बाहेरून बघणाऱ्यांना आम्ही सगळे एकच दिसतो. दाढी, टोपी, बुरखा, बिर्याणी, संपलं. आतमध्ये मात्र बागवान आहेत, आतार आहेत, तांबोळी, मणियार, मोमीन, शिकलगार, खाटीक आहेत. वर सय्यद, शेख, पठाण आहेत. मशिदीत सगळे एका सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहतात. सलाम फेरला की चपला शोधत आपापल्या जमातीत परत जातात. आणि सोयरीक जमवायची वेळ आली की ही उतरंड अशी पाठ येते, जणू मदरशात शिकवली असावी.

आम्ही पिंजारी. माझे अब्बा गाद्या-रजया भरायचे. धनुकली खांद्यावर टाकून पेठेपेठेतून फिरायचे आणि संध्याकाळी घरी आले की त्यांच्या भुवया कापसानं पांढऱ्या झालेल्या असायच्या. त्या धनुकलीच्या तांतीचा आवाज माझ्या कानात अजून आहे. मी शिकलो तो त्या कापसावर आणि पुढे ओबीसीच्या दाखल्यावर. शब्बीर अन्सारींनी महाराष्ट्रात मुस्लीम ओबीसींची चळवळ उभी केली, खुद्द दिलीपकुमार तिच्यासाठी सभांना जायचे. आपल्याही समाजात जात आहे आणि ती मान्य केल्याशिवाय तिचा इलाज होणार नाही, हे त्या लोकांनी उघडपणे सांगितलं. मी त्यावर शाळेत भाषण दिलंय. टाळ्याही घेतल्यात.

आता बीएडची गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या तुकडीत एक मुलगी होती. पाठ टाचण काढण्यात हुशार, अक्षर मोत्यासारखं. सरावपाठांना आम्हाला एकच शाळा मिळाली होती. तिचा पाठ झाला की मी निरीक्षण लिहायचो, माझा झाला की ती. माझ्या वहीत तिनं एकदा लिहिलं होतं की फळ्याकडे पाठ करून बोलू नये, आवाज विरतो. तेवढंच. आजतागायत मी फळ्याकडे तोंड करून बोलत नाही. मला ती आवडत होती आणि तिलाही काही वाटत असावं. एका मित्राला हे समजलं. तो चहा पिता पिता सहज म्हणाला, “सय्यद लोग हैं वो. पिंजाऱ्याकू देंगे क्या?” कुणी माझा अपमान केला नाही, कुणी मारायला आलं नाही. त्या एका वाक्यावर मी स्वतःच परत फिरलो. विचारलंसुद्धा नाही. दोन वर्षांनी माझं लग्न जमातीतल्याच मुलीशी झालं, आणि अल्लाहच्या मेहरबानीनं चांगलं झालं. पण ते वाक्य गेलं नाही. ते आत कुठेतरी बसून राहिलं आणि पंचवीस वर्षांनी सात रस्त्याच्या सिग्नलला बाहेर आलं. या वेळी ते माझ्याच आवाजात होतं.

त्या दिवशी दहावीच्या वर्गावर उर्दूचा तास होता. गझल. उर्दूच्या शिक्षकाची पंचाईत फार जुनी आहे. गझलेत दर दोन ओळींना इश्क येतो आणि समोर पंधरा-सोळा वर्षांची मुलंमुली बसलेली असतात. शब्द उच्चारला की मागच्या बाकावर खसखस पिकते. त्यावरचा उपाय आम्हाला आमच्या उस्तादांनीच देऊन ठेवलाय. इश्क दोन प्रकारचा, मजाजी आणि हकीकी. माणसाचा आणि खुदाचा. मुलं हसली की आम्ही घाईघाईनं सांगतो, इथे हकीकी आहे, इथे हकीकी आहे. वलीपासून फैजपर्यंत सगळ्यांना आम्ही असं वर्गापुरतं सूफी करून टाकलंय. मराठीच्या तासाला तेवढीही सोय नसते.

मुलांच्या चिठ्ठ्याही मी पकडत आलोय. एकदा एका मुलाची चिठ्ठी सापडली. त्यानं ‘मोहब्बत’ चुकीचं लिहिलं होतं. सवयीनं मी लाल पेनानं दुरुस्त करून दिलं आणि मग लक्षात आलं की आपल्याला रागवायचं होतं. स्टाफरूममध्ये तो किस्सा मी बरेच दिवस सांगितला. दुसऱ्यांच्या मुलांचं प्रेम असं असतं. त्यावर हसता येतं, शुद्धलेखन तपासता येतं.

संध्याकाळी घरात मी बायकोवर चिडलो. तुला माहीत होतं आणि तू मला सांगितलं नाहीस वगैरे. तिनं कांदा चिरता चिरता सगळं ऐकून घेतलं. मुलगा मोठीच्या बी.फार्मच्या वर्गातला. पुण्यात औषधांच्या कंपनीत लागलाय. व्यसन नाही. वडिलांचं मटणाचं दुकान. दोन बहिणी, एकीचं लग्न झालंय. ती सगळी चौकशी करून बसली होती.

“मेरेकू लडकेका कुछ नै,” मी म्हणालो. “लोगां क्या बोलेंगे?”

सुरी खाली ठेवून ती म्हणाली, “छोटेके वक्त बोले, जमाना खराब है. अब क्या खराब है?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण धाकट्याचं प्रकरण असं होतं.

दोन वर्षांपूर्वी धाकटा पुण्यात इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता. एका मुलीचं नाव त्याच्या बोलण्यात वारंवार येऊ लागलं. मुलगी हिंदू. त्याच्या मोबाइलमधला एक फोटो मी पाहिला आणि माझी झोप उडाली. आधीच्याच डिसेंबरात, 2022 साली, राज्य सरकारनं आंतरधर्मीय लग्नांवर लक्ष ठेवायला समिती नेमली होती. गावोगाव मोर्चे निघत होते. कुठल्या मुलाला गाठून मारलं, कुणाच्या घरावर जमाव गेला, हे व्हॉट्सअॅपवर रोज येत होतं. मी पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस पकडली आणि पुणं गाठलं.

ही गाडी सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या नावानं आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याला चौघांना एकाच दिवशी फाशी दिलं. दर वर्षी 12 जानेवारीला मी मुलांना ही चार नावं एका श्वासात म्हणायला लावतो. त्याच गाडीत बसून मी एका हिंदू मुलीला आणि एका मुसलमान मुलाला वेगळं करायला निघालो होतो. हे मला त्या वेळी सुचलं नाही. त्या वेळी फक्त भीती होती.

कॉलेजच्या कँटीनमध्ये मी त्याला समोर बसवलं. स्पेशल मॅरेज अॅक्ट समजावून सांगितला. 1954चा कायदा आहे, नोंदणी करायची तर आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावतात, तीस दिवस कुणीही येऊन वाचू शकतो. त्या तीस दिवसांत काय काय होऊ शकतं तेही सांगितलं. तो एकोणीस वर्षांचा होता. त्याला लग्न करायचंच नव्हतं, फक्त ती आवडत होती. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, “अब्बा, वो अच्छी लडकी है. एक बार मिलो तो.” मी म्हणालो, अच्छी असेल, म्हणूनच म्हणतो, तिलाही त्रास नको. मी भेटलो नाही. दुपारी निघालो. तीन-चार महिन्यांनी त्यानं आईला सांगितलं की आता तसं काही नाही. मी त्या रात्री शुकराना नमाज पढलो.

ती भीती खोटी नव्हती, हे मला आजही सांगायचं आहे. मुसलमान बापाला या काळात मुलाबद्दल जी धास्ती वाटते, ती त्यानं घरी बसून तयार केलेली नाही. पण मोठीच्या वेळी ना मोर्चा होता, ना समिती, ना नोटीस. मुलगा कलमा पढणारा, कमावता, घर दोन मैलांवर. ढाल बाजूला झाली आणि तिच्यामागे मी काय लपवलं होतं ते दिसलं. धाकट्याच्या वेळीसुद्धा भीती नसती तर मी त्या मुलीला भेटलो असतो का? खरं उत्तर मला माहीत आहे. मी तेव्हाही हेच विचारलं असतं, कौन लोगां.

त्या रात्री मी कपाटातून ‘बहिश्ती जेवर’ काढलं. बायकोला लग्नात मिळालेलं, आमच्याकडे मुलीला ते देतातच. त्यात कुफूचा मसला आहे, म्हणजे सोयरीक बरोबरीच्या घरात असावी, आणि त्या बरोबरीत खानदानाबरोबर पेशाही मोजलाय. मला हवं होतं ते सापडलं. पण समाधान झालं नाही. कारण याच हिशेबानं पंचवीस वर्षांपूर्वी मी सय्यदांच्या दारातून परत फिरलो होतो. तेव्हा हा मसला मला जुलूम वाटला होता. आज तो दीन कसा झाला?

मग बरीरा आठवली. हदीसच्या किताबांत, बुखारीत, तिचा किस्सा आहे आणि मी तो वर्गात अनेकदा सांगितलाय. बरीरा गुलाम होती, तिचा नवरा मुगीसही गुलाम. तिला आझादी मिळाली आणि तिच्याबरोबर नवऱ्याला सोडण्याचा हकही. तिनं सोडलं. मुगीस मदिन्याच्या गल्ल्यांतून तिच्यामागे रडत फिरायचा, आसवं दाढीवर ओघळायची. पैगंबरांना त्याची दया आली. त्यांनी बरीराला सुचवलं की तू परत गेलीस तर बरं. तिनं विचारलं, हा तुमचा हुकूम आहे का? ते म्हणाले, नाही, मी फक्त शिफारस करतोय. मग मला तो नको, असं ती म्हणाली, आणि विषय तिथेच संपला. हा किस्सा मी आजवर ‘इस्लाममध्ये औरतेचा हक’ म्हणून सांगत आलो. त्या रात्री पहिल्यांदा तो बाप म्हणून ऐकला. ज्यांच्या एका शब्दावर माणसं जीव द्यायला तयार होती, त्यांनीही एका आझाद झालेल्या गुलाम बाईवर आपलं मत लादलं नाही. आणि मी, गाद्या भरणाऱ्याचा पोरगा, स्कूटीच्या मागच्या सीटवर बसून हुकूम सोडायला निघालो होतो.

निकाहाच्या वेळी वकील आणि दोन गवाह मुलीकडे जाऊन तिची कबुली विचारतात. मी स्वतः कितीतरी लग्नांत गवाह म्हणून गेलोय. खोलीत पंधरा बायका, मुलगी घुंगटात, कुणीतरी मागून डोकं हलवतं आणि आम्ही ‘कबूल है’ ऐकल्याचं बाहेर येऊन सांगतो. मोठीनं तो प्रश्न विचारायची वाट न बघता उत्तर देऊन ठेवलं, एवढाच तिचा गुन्हा.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, “मैं मिल सकता क्या उससे?” तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली. दोन मिनिटांनी बायको बाहेर येऊन म्हणाली, “रो रही है. अच्छा रो रही है.”

मुलगा सुट्टीत आला तेव्हा भेटलो. लाजाळू, बोलताना हात मागे बांधणारा. मोठी त्याला कशामुळे आवडली, असं विचारायचं माझ्या फार मनात होतं, पण बापानं विचारायचे प्रश्न वेगळे असतात. मी पगार विचारला. मग पुढच्या आठवड्यात बायकोला घेऊन त्यांच्या घरी गेलो. जाताना वाटेत त्यांचं दुकान लागतं. पंचवीस वर्षं मी तिथून गेलो असेन, आत कधी पाहिलं नव्हतं. फरशी धुतलेली, मागे सुऱ्या ओळीनं टांगलेल्या, गल्ल्यावर आयतुल कुर्सीची फ्रेम. माझ्या अब्बांच्या दुकानातही तीच होती, फक्त कापसाच्या धुळीनं पांढरी.

आणि इथे अल्लाहनं माझी खोड मोडली. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मुलाची दादी कोपऱ्यात तस्बीह फिरवत बसली होती. ती अचानक म्हणाली, “सरजी, बुरा मत मानो. पर हमारेमें बाहर नै करते. तुम लोगां पिंजारी ना?”

खोलीत शांतता पसरली. मुलाच्या वडिलांचा चेहरा लाल झाला. मला मात्र हसू आलं. इतकं की बायकोनं कोपर मारलं. मी कालपर्यंत वरून खाली बघत होतो आणि इथे मीच खाली होतो. त्या बाईला मी कुठल्या तोंडानं रागावणार? मी म्हणालो, “हौ अम्मा, पिंजारीच. तुमारी गादी शायद मेरे अब्बाने भरी होगी.” ती विचारात पडली. मग म्हणाली, “सायकलवाले? पांढरी दाढी?” मी म्हणालो, नाही, पायी फिरायचे. “तो वो नै,” ती म्हणाली आणि पुन्हा तस्बीह फिरवू लागली.

सोयरीक अजून ठरलेली नाही. त्यांची दादी तयार नाही आणि आमची अम्माही नाही. अम्मा म्हणते, मी मेल्यावर काय ते करा. दोन्ही म्हाताऱ्यांची एकदा भेट घडवून आणावी, त्यांचं एकमेकींशी छान पटेल, असं बायको म्हणते. मेहेर किती, हॉल कुठला, हे पुढचं. मोठी पुन्हा मला शाळेत सोडते. माझी गाडी दुरुस्त झालीय, तरीही.

परवा रात्री धाकट्याचा फोन आला. अभ्यास, मेस, परीक्षा, सगळं विचारून झालं. फोन ठेवायच्या वेळी तो म्हणाला, “अब्बा, आपाके लिए तुम उनके घर गये. अच्छा लग्या.”

मी म्हणालो, “हौ बेटा.”

“मेरे वक्त तुम कँटीनतक आये थे,” तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. “वो उसी बिल्डिंगमें थी. ऊपर लायब्ररीमें. मैं बोल्या था उसकू, अब्बा मिलेंगे.”

जमाना, कायदा, नोटीस, ती सगळी कारणं माझ्या जिभेवर आली होती. सगळी खरी होती. मी त्यातलं एकही बोललो नाही. विचारलं फक्त, “कैसी है वो अब?”

“मालूम नै,” तो म्हणाला. “पूछू क्या?”

मी हो म्हणालो.